खातं त्याचं, खत त्याचं, अंगठा मात्र बाईचा

सुप्याच्या उठावाला २०२५ च्या १२ मे रोजी दीडशे वर्षं झाली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. १८७५ साली ते भीमथडी तालुक्यात होतं. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जखतं आणि वह्या बाहेर ओढल्या आणि त्यांची होळी केली. तिथून ही लाट केडगावला गेली, पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत गेली. सरकारी दप्तरात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हटलं आहे. चळवळीतले लोक त्याला उठाव म्हणतात, आणि आम्हीही उठावच म्हणतो.

पण या उठावाबद्दल जे बोललं आणि लिहिलं जातं, त्यात एकच शब्द सारखा येतो: शेतकरी. शेतकरी नाडला गेला, शेतकरी पेटून उठला, शेतकऱ्याला कायद्यानं दिलासा मिळाला. या शेतकऱ्याला पागोटं असतं, मिशा असतात, खांद्यावर घोंगडी असते. खुरपणी, वेचणी, काढणी, शेणकूर, दळण, पाणी हे सगळं ज्यांच्या अंगावर होतं त्या या चित्रात फार तर मागे, उंबऱ्यात उभ्या असतात, पदर डोळ्याला लावून. आणि आम्ही याबद्दल बोललो की उत्तर ठरलेलं: "ताई, आधी शेतकऱ्याचा प्रश्न सुटू द्या, मग बायांचं बघू. घरात भांडणं लावू नका."

आमचं म्हणणं असं आहे की शेतकऱ्याचा हा जो प्रश्न म्हणतात, तो घडलाच मुळी बाईला हिशेबातून वगळून. इंदापूर-बारामतीच्या मातीवर दोनशे वर्षांत जेवढे आर्थिक विचार आणून राबवले गेले, त्यांतल्या प्रत्येकानं घर म्हणजे एक पुरुष असं धरलं. साहेबानं तसं धरलं, सुधारकानं धरलं, सहकारानंही तसंच धरलं. म्हणून 'आधी हे, मग ते' असा क्रम लावताच येत नाही.

याची सुरुवात लंडनमध्ये आहे, त्याला इलाज नाही. १८१७ साली डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचं मोठं पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली. तिकडे कारखाने उभे राहत होते, धान्य महाग होतं, आणि जमीनदार बसल्या जागी गब्बर होत होते. रिकार्डोनं हिशेब मांडला तो असा: जेमतेम खर्च निघणारी निकस जमीन आणि चांगली जमीन यांच्या उत्पन्नात जो फरक पडतो तो खंड. तो कुणाच्या कष्टाचा नसतो, जमिनीच्या गुणाचा असतो. मग तो सरकारनं घेतला तर कुणाचं बिघडलं? त्याचा मित्र जेम्स मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत हिंदुस्थानच्या महसुलाचं पाहत होता. कंपनीचे तरुण अधिकारी ज्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकत तिथे अर्थशास्त्राला माल्थस होता. म्हणजे पुस्तकातला विचार थेट कलेक्टर कचेरीत उतरायची सोय होती. तसा तो उतरला पुणे जिल्ह्यात. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं १८२७ पासून जमिनी मोजल्या, प्रतवारी लावली, प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे असं ठरवलं.

निव्वळ उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्नातून खर्च वजा. आता खर्च म्हणजे काय? बी, बैल, औत, मजुरी. पण बैलाला वैरण-पाणी करणारी, मजुराची भाकरी शेतावर पोचवणारी, उद्याचा मजूर पोटात वाढवणारी जी आहे, तिचे कष्ट कुठल्या रकान्यात घालायचे? रिकार्डोच्या पुस्तकात मजुराचं कुटुंब येतं, नाही असं नाही. पण ते मजुरीवर जगणारं कुटुंब म्हणून येतं. मजुराला जगवणारं म्हणून येत नाही. चुलीपुढचे कष्ट हे वाऱ्यासारखे, उन्हासारखे, फुकट आणि न संपणारे धरले की मग उरतं ते 'निव्वळ' उत्पन्न. बाकी सगळा हिशेब अगदी शास्त्रशुद्ध!

इंदापुरात हा हिशेब कोसळला. आकारणी झेपेना, वसुलीसाठी छळ झाला, माणसं जमिनी टाकून निघून गेली, रानं पडीक पडली. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासूनच नवी पाहणी सुरू केली. त्यांनी पुस्तक थोडं बाजूला ठेवलं, मातीचा कस पाहिला, दर खाली आणले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. पुढे मुंबई इलाख्यात जी रयतवारी पसरली तिचा नमुना इंदापूरचा आहे. ही गोष्ट इंदापूरच्या किती लोकांना माहीत असेल कोण जाणे.

शेतसारा हलका झाला हे खरंच, आणि ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पक्की झाली, तिचं नाव खातं. एक शेत, एक नंबर, एक खातेदार. सारा भरायचा त्यानं, आणि जमीन विकायची, गहाण टाकायची मुभाही त्यालाच. जमिनीवर घरातल्या सगळ्यांचे जे गुंतागुंतीचे हक्क होते, राबण्याचे, खाण्याचे, राहण्याचे, ते त्या एका ओळीत मावत नव्हते. मावले नाहीत ते पुसले गेले. आज आपण ज्याच्यासाठी तलाठ्याकडे चकरा मारतो तो सात-बारा याच कागदाच्या वंशातला आहे. जुना सात-बारा काढून पाहा. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणींची नावं असलीच तर 'इतर अधिकार' या कोपऱ्यात. आणि विधवेचं नाव पुष्कळदा दिसतं ते मुलाच्या नावाखाली, 'अ.पा.क.' म्हणून, अज्ञान पालनकर्ती. अज्ञान तो असतो, कर्ती ती असते, आणि जमीन त्याची असते.

इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली, आणि १८६७ च्या सुमारास फेरआकारणीत सारा चांगलाच वाढवला गेला. त्याच १८६७ साली, मे महिन्यात, जेम्स मिलचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल लंडनच्या पार्लमेंटात उभा राहिला आणि म्हणाला की मताधिकाराच्या कायद्यातला 'पुरुष' हा शब्द काढून तिथे 'व्यक्ती' घाला. बाजूनं ७३ मतं, विरुद्ध १९६. सूचना पडली. हा मिल बापाप्रमाणेच कंपनीच्या त्याच कचेरीत १८५८ पर्यंत नोकरीत होता. तिथे पार्लमेंटात जो शब्द बदलायला तो निघाला, तो शब्द इकडे त्याच कंपनीच्या महसूल खात्यानं प्रत्येक शेताच्या नंबरापुढे लिहून ठेवलेला होता.

खातं गहाण टाकता येऊ लागलं आणि सावकाराला तारण मिळालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मागेल त्याला कर्ज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज उरलं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं खत तीन वर्षांपुरतंच चाले, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घेत. हे सगळं सर्वश्रुत आहे. खतावर अंगठा त्याचा असे. पण कुठल्याही कर्जबाजारी घराला विचारा, घरातून पहिल्यांदा बाहेर काय जातं? बुगड्या, पुतळ्या, तांब्याचे हंडे. जमीन शेवटी जाते. म्हणजे खताची पहिली फेड बाईच्या अंगावरून होत होती आणि त्याची नोंद ना सावकाराच्या वहीत, ना सरकारी चौकशीत. उठावानंतर सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. न्यायाधीशाला खतामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा मिळाली, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं बंद झालं. चांगला कायदा, आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या कर्जात आपल्या अंगावरचं सोनं गेलं, असा दावा घेऊन बाईनं कोणत्या कलमाखाली जायचं होतं? ती ऋणको नव्हती. धनकोही नव्हती. ती कागदावर नव्हतीच.

कागदावर ती एकाच ठिकाणी ठळकपणे येते, दुष्काळी कामांच्या मजुरीच्या तक्त्यात. १८७६ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या कामांवर सुरुवातीचा दर पुरुषाला दोन आणे, बाईला दीड आणा आणि मुलाला एक आणा असा होता. जानेवारी १८७७ मध्ये तोही कापला, आणि हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. नीरेच्या कालव्याची माती याच काळात खणायला घेतली. १८८५ साली डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरचं नशीब पालटलं. आज ज्या पाण्याच्या जिवावर हा भाग मिरवतो, त्या पाण्याच्या पाटातली माती बायांनी डोक्यावर वाहिली ती पाऊण मजुरीवर.

आता आपल्या सुधारकांकडे येऊ. इथे जीभ जरा अडखळते, कारण ती आपलीच माणसं आहेत. पण बोललं पाहिजे.

न्यायमूर्ती रानडे यांच्याएवढा शेतकऱ्यांच्या अर्थकारणाचा विचार त्या काळात फार थोड्यांनी केला. पुणे सार्वजनिक सभेतून त्यांनी शेतसाऱ्यावर झोड उठवली, १८७९ च्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं, १८९२ साली डेक्कन कॉलेजात भाषण देऊन सांगितलं की इंग्रजांचं अर्थशास्त्र इथे जसंच्या तसं लागू होत नाही. हेच रानडे विधवाविवाहाचे, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते. पण एका सभेत शेतजमीन आणि दुसऱ्या सभेत विधवा. विधवेची शेतजमीन हा विषय कुठल्याच सभेत नाही. १८९५ साली पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनात सामाजिक परिषदेला मंडप द्यायचा नाही म्हणून केवढा गहजब झाला! 'आधी राजकीय की आधी सामाजिक' हा वाद आपण आजपर्यंत परीक्षेच्या पेपरात लिहितो आहोत. आम्हाला वाटतं, दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केली होती: पोटापाण्याचा प्रश्न पुरुषांचा आणि रूढींचा प्रश्न बायकांचा.

याची किंमत कुणी मोजली? १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा घ्या. सुधारकांच्या मोठ्या लढ्याचं ते फळ. त्याचं दुसरं कलम फारसं कुणी सांगत नाही: विधवेनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. ज्या जातींत पुनर्विवाहाला बंदी होती त्यांच्यासाठी हा कायदा झाला. पण आमच्याकडे कुणबी, माळी, धनगर यांच्यात पाट लावायची रीत होतीच, त्यांना या कायद्याची गरज नव्हती. तरीही मुंबई उच्च न्यायालयानं १८९६ साली ठरवलं की ज्या जातींत रूढीनं पुनर्विवाह चालतो तिथल्या विधवेचाही हक्क जातो. दारात आलेल्या सुधारणेनं घरातलं जे होतं ते नेलं! पांढरपेशांच्या घरातली सुधारणा कष्टकरी बाईला काय भावात पडते, याचं एवढं नीट उदाहरण दुसरं सापडणार नाही.

महात्मा फुले यांची गोष्ट वेगळी. ज्या माणसानं १८६३ साली विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, त्यानंच १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना आरशासमोर उभं केलं, आणि गदारोळ झाला तेव्हा फुले 'सत्सार'मधून ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले. सत्यशोधकांतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १८९० साली आठवड्याच्या सुट्टीसाठी झालेल्या सभेत दोन गिरणी कामगार बायकांनी भाषणं केली. त्या परंपरेत धागा तुटलेला नव्हता. तो नंतर तोडला गेला. आज फुल्यांच्या नावानं भाषणं करणारे 'असूड' एका व्यासपीठावर वाचतात आणि सावित्रीबाईंची जयंती दुसऱ्या व्यासपीठावर करतात. पहिल्या सभेला खुर्च्या पुरुषांसाठी, दुसऱ्या सभेला हळदीकुंकवाची ताटं.

आणि केडगाव. सुप्याच्या उठावाची लाट जिथे पोचली ते हे केडगाव, बारामतीच्या शेजारी, आजच्या दौंड तालुक्यात. उठावाला वीसेक वर्षं झाल्यावर तिथे पंडिता रमाबाई आल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ, विधवा मुली आणल्या आणि केडगावच्या शेतावर मुक्तिसदन उभं केलं. रमाबाईंना आपण 'धर्मांतर केलेली विदुषी' एवढ्या दोन शब्दांत संपवतो, निंदा करणारे आणि स्तुती करणारेही. पण त्या बाईचं अर्थकारण पाहा. १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायका काय शिकतात याबरोबरच त्या कोणकोणते धंदे करतात, संस्था कशा चालवतात, हे त्यांनी बारकाईनं टिपलं आहे. केडगावला त्यांनी तेच करून पाहिलं. शेती, गुरं, तेलाचा घाणा, विणकाम, आणि छापखाना. मुली खिळे जुळवत होत्या, यंत्र चालवत होत्या, पुस्तकं बांधत होत्या. धर्माच्या अंगानं मुक्तिसदनाबद्दल आमचे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण बाईला आधी खायला, मग हातात कसब, आणि हे सगळं बायांच्या हाती असलेल्या जमिनीवर, हे त्या काळात पुण्याच्या कुठल्या सभेनं मांडलं? दोन्ही गोष्टी एकाच गावच्या, पण केडगावचा उठाव शेतकऱ्यांच्या इतिहासात आणि केडगावचं मुक्तिसदन धर्माच्या इतिहासात. दोन्ही दप्तरं एकत्र ठेवून वाचायची कुणाला गरज वाटली नाही.

विसाव्या शतकावर फार वेळ घालवत नाही, कारण ते डोळ्यापुढचं आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगरचा साखर कारखाना उभा केला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर असे सहकारी कारखाने झाले. सहकारानं सावकाराला हटवलं हे खरं. पण सभासद कोण? ज्याच्या नावावर ऊस. ऊस कुणाच्या नावावर? ज्याच्या नावावर जमीन. म्हणजे विंगेट साहेबाचं खातंच पुढे शेअर झालं आणि शेअरचं मत झालं. आता संचालक मंडळावर बायकांना दोन जागा राखीव आहेत. पण सभासदांच्या यादीत बायकाच कमी, तर त्या दोन जागांवर कुठल्या घरच्या बायका बसणार, हे बारामतीकर-इंदापूरकरांना आम्ही सांगायला नको.

कायदे झाले नाहीत असं नाही. शेतकरी संघटनेनं १९८९ नंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा म्हणून. १९९२ साली शासनानं बायकोचं नाव सात-बारावर लावण्याबद्दल परिपत्रक काढलं. १९९४ साली बारामतीचेच शरद पवार मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं आणि त्याच वर्षी वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा मिळाला, मात्र आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो भेदही गेला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाप २००५ मध्ये हयात होता की नव्हता याच्याशी मुलीच्या हक्काचा संबंध नाही, तो जन्मानं आहे. २०२४ च्या मे नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लागतं. कागदावर इतकं सगळं आहे. आणि तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या जमीन कसणाऱ्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्केच.

का? कारण एक कागद असा आहे की ज्यावर बाईचं नाव आणि अंगठा लागतोच लागतो. त्याचं नाव हक्कसोडपत्र. बाप गेला की तेराव्यानंतर पंधरा दिवसांत गाडी येते, बहिणींना तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे नेतात. येताना हॉटेलात जेवण, जमलं तर साडी. सरकारनंही भावाच्या नावे हक्क सोडायला मुद्रांक नाममात्र ठेवला आहे. हक्क घ्यायला वर्षानुवर्षं कोर्ट, हक्क सोडायला एक दुपार.

यावर जी उत्तरं येतात ती सगळ्या मैत्रिणींना पाठ आहेत. "जमिनीचे तुकडे होतील." चार भावांत चार तुकडे होतात तेव्हा तुकडेबंदी आठवत नाही, पाचवी बहीण आली की आठवते. "तिला लग्नात दिलं की." हुंडा घेणं-देणं १९६१ पासून गुन्हा आहे; म्हणजे एका गुन्ह्याची पावती दाखवून दुसरा हक्क फेडायचा. "ती सासरी, ती कुठे कसणार?" पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाची जमीन कोण कसतं हो?

पण एक उत्तर आहे ज्यापुढे आपण गप्प होतो, आणि ते बायाच देतात: "जमीन घेतली तर माहेर तुटेल." यावर हसू नये. ज्या बाईला सासरी नावावर काही नाही, तिला मार खाऊन रात्री निघावं लागलं तर जायला दार एकच आहे, आणि त्या दाराची किल्ली भावजयीकडे आहे. ती वाटा सोडते ते मायेपोटी, हे अर्धंच खरं. ती हक्क सोडून दाराचं भाडं आगाऊ भरते. भाऊबीजेची साडी ही त्याची पावती. रिकार्डो असता तर त्यानं या खंडाचा हिशेब कसा मांडला असता? बिनकष्टाचा लाभ तो हाच की. म्हणून आपल्या गटांनी 'वाटा सोडू नका' एवढं भाषण करून चालत नाही. मारहाणीचे खटले, परित्यक्तांचे मेळावे आणि वारसनोंद हे आपण तीन वेगळे विषय करून ठेवले आहेत. हिंसेचं काम कार्यकर्त्यांचं आणि जमिनीचं काम वकिलांचं, ही वाटणी आपल्यातही शिरली आहे. रानड्यांच्या दोन सभांपेक्षा ती फार निराळी नाही. केंद्रावर आलेल्या प्रत्येक बाईची केस लिहून घेताना बापाच्या आणि नवऱ्याच्या गावचा आठ-अ चा उतारा मागायचा, एवढी साधी गोष्टही बहुतेक ठिकाणी होत नाही.

आणि जिला बापाच्या नावेही जमीन नाही तिचं काय? बारामती-इंदापूरच्या फडात दर हंगामाला बीडकडून, नगरकडून बाया येतात. बहुतेक वंजारी, दलित, बंजारा. इथल्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याला मुकादमाकडून उचल मिळते ती नवऱ्याच्या हातात, फेडायची दोघांनी. दर टनावर. पहाटे खोपीत भाकरी थापून ती फडात येते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. पाळीच्या दिवसांतही खाडा झाला तर दंड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोडणी बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. १८७५ मध्ये खताला तारण जमीन होती. या उचलीला तारण काय आहे, हे या आकड्यात दिसतं. आणि फरक असा की सुप्याच्या शेतकऱ्याला जाळायला निदान स्वतःच्या नावाचं खत होतं. हिच्या नावाचा कागदच नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती कष्टानं मिळवलेली वाढ आहे. पण ती मिळते कोयत्याला. कोयत्याला आधार कार्ड नसतं, बँकेत खातं नसतं, गर्भाशय नसतं. बायकोशिवाय आलेल्या गड्याला मुकादम 'अर्धा कोयता' म्हणतो, म्हणजे तिचं मोल त्याला नेमकं ठाऊक आहे, बरोबर निम्मं. फक्त ते तिच्या हातात द्यायचं नाही. तेव्हा पुढचा करार व्हायच्या आत आपल्या सगळ्या गटांनी मिळून पुण्याच्या साखर आयुक्तालयात हे लेखी द्यायचं आहे: करारात कोयता हा शब्द नको, दोन माणसांची दोन नावं, उचल दोघांच्या वेगवेगळ्या सहीनं, आणि टनाचा पैसा दोन खात्यांत निम्मा निम्मा. ज्या गटांचं काम बीड, नगर, जालन्यात आहे त्यांनी बायांची नावं गावातूनच, गाड्या निघायच्या आधी, वहीत घ्यायला सुरुवात करावी. गाड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात.